सेव्ह केलेला दस्तऐवज आपोआप कॉम्प्रेस व्हावा का?

पानगळ
मराठी ग्रंथांच्या संपादनासाठी मी लिक्स हे सॉफ्टवेअर वापरतो. त्याची फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. त्यात प्रत्येक दस्तऐवजासाठी 'कॉम्प्रेस करून साठवा' असा स्वतंत्र पर्याय असतो. तो मुळात बंद असतो. चालू केल्यास फाईल जीझिप या कॉम्प्रेशनच्या प्रोग्रामने लहान होते, मात्र तिचे एक्स्टेन्शन पूर्वीचेच राहते. वर्डची डॉकएक्स आणि लिबरऑफिसची ओडीटी यांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण त्या फायली जन्मतःच झिप असतात. डॉकएक्सचे एक्स्टेन्शन बदलून झिप केले आणि ती उघडली, तर आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात मजकुराची एक्सएमएल (म्हणजे मजकुराभोवती खुणा लिहिण्याच्या स्वरूपातील) फाईल आणि 'मीडिया' या उपफोल्डरमध्ये सगळी चित्रे सापडतात, हे येथील अनेकांना ठाऊक असेलच.

माझा प्रश्न असा, की लेखन-संपादनाच्या सॉफ्टवेअरने वापरकर्त्याला न विचारता फाईल कॉम्प्रेस करावी का? माझे मत 'करू नये' असे आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर प्रबंध घेऊन हिंडण्याचे दिवस केव्हाच सरले. साध्या मजकुराच्या स्वरूपातील फाईल कोणत्याही संपादकात उघडता येते, मूळ सॉफ्टवेअर बंद पडले तरी वाचता येते, आणि फोल्डरभर फायलींमधून एखादे विशेषनाम एका आज्ञेत शोधता येते. एवढे सगळे सोडून आपण नेमके काय मिळवतो, यावर सभासदांनी लिहावे.

दशमान
काय मिळवतो याचा हिशेब इंग्रजीवरून नव्हे, तर मराठीवरून मांडायला हवा. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षर एका बाइटात बसते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सारी तेथे स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचताना चार अक्षरांचा असला, तरी युनिकोडच्या लेखी तो दहा चिन्हांचा, म्हणजे तीस बाइटांचा आहे. इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात तोच शब्द दहा बाइटांत मावत असे.

गंमत अशी, की या तीस बाइटांमध्ये माहिती थोडी आणि पुनरुक्ती फार असते. देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा केवळ दोन पर्यायांपैकी एक असतो; वेगळेपण असते ते मुख्यतः तिसऱ्यात. झिप आणि जीझिप या दोघांमागे असणारी डिफ्लेट पद्धत आधी येऊन गेलेल्या मजकुराकडे बोट दाखवून पुनरुक्ती टाळते आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना लहान संकेत देते, त्यामुळे असा मजकूर तिच्या हाती अगदी आयता सापडतो. मराठीत लिहिणाऱ्याला कॉम्प्रेशनचा लाभ इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा अधिक होतो, आणि तो नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

तळटीप
दशमान, आपले गणित बरोबर आहे, पण ते टक्केवारीत न मांडता एमबीत मांडून पाहा. सरासरी शब्द सहा चिन्हांचा आणि त्यानंतर एक मोकळी जागा, असे धरले तर प्रत्येक शब्दाला एकोणीस बाइट होतात. एक लाख शब्दांची जाडजूड कादंबरी त्या हिशेबाने दोन एमबीच्याही आत राहते. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याहून मोठा असतो.

आणि तो फोटो दस्तऐवजात घातला, की कॉम्प्रेशन हतबल होते. जेपेग चित्र आधीच कॉम्प्रेस झालेले असल्याने त्यावर पुन्हा झिप चालवणे म्हणजे पिळून वाळत घातलेले कापड पुन्हा पिळण्यासारखे आहे. म्हणजे जेथे बचतीची गरज नाही तेथे ती भरघोस होते, आणि जेथे गरज आहे तेथे जवळजवळ होतच नाही. या एका निरीक्षणावरच मी पानगळ यांच्या बाजूने मत देतो.

टाचणी
आमच्या कार्यालयात डॉकएक्स फाईल झिप करून, त्या झिपला पासवर्ड लावून, तो पासवर्ड त्याच ईमेलच्या तळाशी लिहून पाठवण्याची प्रथा आहे. सुरक्षितता आणि काटकसर या दोन्ही आघाड्यांवर आम्ही किती पुढे आहोत, हे सांगण्यासाठी हा प्रतिसाद.

सह्यकडा
तळटीप यांनी निव्वळ मजकुराचे माप काढले आहे, परंतु डॉकएक्समध्ये निव्वळ मजकूर नसतो. वर्ड मजकुराचे लहान लहान तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला फाँटचे नाव, देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा वेगळा फाँट, अक्षराचा आकार, भाषा आणि कोणत्या संपादन-सत्रात तो लिहिला गेला त्याचा क्रमांक, असे सगळे बिरुद चिकटवते. वाक्याच्या मध्ये एकच शब्द ठळक केला तरी त्या वाक्याचे तीन तुकडे होतात. ती एक्सएमएल फाईल उघडून पाहिली, तर चार मराठी शब्दांसाठी खुणांच्या कित्येक ओळी खर्ची पडलेल्या दिसतात. हा सारा पसारा इतका पुनरुक्त असतो, की कॉम्प्रेस केल्यावर त्याचा भार फारसा उरत नाही. पण कॉम्प्रेस न केल्यास तो मूळ मजकुरालाच गिळून टाकतो.

या निर्णयाचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. २००२ मध्ये ओपनऑफिस १.० आले तेव्हापासून तेथे 'एक्सएमएल आणि त्यावर झिप' ही जोडी होती. २००५ मध्ये ओडीएफचे (ओडीटी ज्यात मोडते त्या स्वरूपाचे) मानक ओएसिस या संस्थेने संमत केले आणि त्यातही तीच जोडी राहिली. ऑफिस २००७ ने डॉकएक्स आणले तेही त्याच घडणीचे. फाईलमध्ये काय आहे हे माणसाला वाचता यावे म्हणून एक्सएमएल निवडले, ते अघळपघळ निघाले म्हणून झिप लावले, आणि झिप लावल्यामुळे ते पुन्हा वाचता येईनासे झाले. म्हणून मूळ प्रश्न एकाच उत्तराने सुटणारा नाही. लिक्सचे स्वरूप मुळातच आटोपशीर असल्याने तेथे कॉम्प्रेशन बंद असणे योग्य, आणि डॉकएक्समध्ये ते चालू असणे अपरिहार्य आहे.

उंबरठा
शब्दकोशाच्या एका सामूहिक प्रकल्पाच्या फायली आम्ही गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवतो, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी तात्त्विक नाही. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये कोणी एक नोंद बदलली, तर कोणती ओळ गेली आणि कोणती आली हे गिट तत्काळ दाखवते. कॉम्प्रेस केलेल्या फाईलबाबत ते 'या दोन बायनरी फायली भिन्न आहेत' एवढेच सांगून मोकळे होते. तुलनेपूर्वी ओडीटीतून मजकूर उपसून देणारी साधने गिटला जोडता येतात, पण ती प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर बसवून देण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडतेच.

आणखी एक बाब येथे आलेली नाही. गिट स्वतःही सगळे कॉम्प्रेस करूनच ठेवते, आणि आवृत्त्यांचा साठा आवळताना सारख्या आवृत्त्यांमधील केवळ फरक साठवते. आपण आधीच कॉम्प्रेस केलेली फाईल दिली, तर पहिल्या परिच्छेदातील एका अनुस्वारानेही त्यापुढचे बाइट बदलत जातात, दोन आवृत्त्यांत साम्य असे उरत नाही, आणि जवळजवळ संपूर्ण फाईल नव्याने साठवावी लागते. प्रत्येक फाईल लहान करण्याच्या आग्रहापायी सगळा साठा मात्र फुगत जातो. बदललेला भागच पाठवणाऱ्या आरसिंकसारख्या साधनांचीही हीच अडचण होते. जीझिपमध्ये त्यासाठी 'आरसिंकेबल' नावाचा खास पर्याय द्यावा लागला, यावरूनच तिचे गांभीर्य कळावे.

रानपाखरू
आपण सर्वजण गिट आणि आरसिंकबद्दल बोलत आहात, म्हणून एका सामान्य वापरकर्त्याची बाजू मांडते. मी तालुक्याच्या ठिकाणी शाळेत शिकवते. प्रश्नपत्रिका, अहवाल आणि स्नेहसंमेलनाची पुस्तिका हे माझे दस्तऐवज आहेत. जीमेलवर २५ एमबीपर्यंतच जोडपत्र पाठवता येते, ऑनलाइन अर्जांच्या मर्यादा तर त्याहून कितीतरी कमी असतात, आणि पावसाळ्यात नेटवर्क असेल-नसेल अशी परिस्थिती असते. फाईल आपोआप लहान होत असेल तर मला ते हवेच आहे, आणि सॉफ्टवेअरने त्याबद्दल मला प्रश्न विचारू नये असेही वाटते. कारण तो प्रश्न काय आहे हे माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना कळणार नाही आणि ते 'रद्द करा'वर टिचकी मारतील. डीफॉल्ट ठरवायचे ते ज्याला पर्याय शोधता येत नाही त्याच्यासाठी. ज्यांना गिट चालवता येते, त्यांना एक खूण काढून टाकणे जड जाऊ नये.

निळीशाई
रानपाखरू यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटतो, परंतु त्यांच्या पुस्तिकेसाठीच एक इशारा देणे भाग आहे. वर बहुतेकांनी ज्या कॉम्प्रेशनविषयी लिहिले, त्यात माहितीचा एक बिटही गमावला जात नाही. वर्डमध्ये मात्र त्याच नावाखाली दुसरीही एक क्रिया मुळातच चालू असते. फाईल सेव्ह करताना वर्ड चित्रांचे रेझोल्यूशन ठरावीक मर्यादेपर्यंत खाली आणते. अनेक आवृत्त्यांमध्ये ही मर्यादा मुळात २२० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) असते. पडद्यावर फरक दिसत नाही, पण छापखाने साधारणपणे ३०० ची अपेक्षा करतात.

एक उदाहरण घ्या. तीन हजार पिक्सेल रुंदीचा फोटो आपण पानावर पाच इंच रुंदीत बसवला, म्हणजे त्याची घनता ६०० पीपीआय झाली. २२० ची मर्यादा लागल्यावर रुंदी अकराशे पिक्सेल उरते. उंचीही त्याच प्रमाणात घटत असल्याने एकूण पिक्सेलांपैकी सुमारे १३ टक्केच शिल्लक राहतात. पुढे त्याच फाईलमधून तो फोटो मुखपृष्ठासाठी पानभर मोठा करायचे ठरवले, तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. दिवाळी अंकांसाठी लेखकांकडून जे छायाचित्रसंच वर्डमध्ये चिकटवून येतात, ते पाहून आमच्या जुळारी मंडळींना काय वाटते ते येथे लिहिण्यासारखे नाही. ऑप्शन्समधील अॅडव्हान्स्ड विभागात 'फाईलमधील चित्रे कॉम्प्रेस करू नका' अशी खूण आहे. ती चित्रे घालण्यापूर्वी करावी, आणि मूळ छायाचित्रे नेहमी स्वतंत्रपणे पाठवावीत.

माझे मत एवढेच, की माहिती न गमावणारे कॉम्प्रेशन डीफॉल्ट असावे की नसावे यावर खुशाल वाद घालावा, पण माहिती गमावणारे कॉम्प्रेशन न विचारता कधीही होता कामा नये.

खोडरबर
निळीशाई यांना अनुमोदन. मात्र 'फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवू नये' हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या लेखकांना वर्डमध्येच चिकटवून पाठवावे लागते, अन्यथा ते वाचत नाहीत.

फडताळ
जतनाच्या दृष्टीने दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट पानगळ यांच्या 'मूळ सॉफ्टवेअर बंद पडले तरी' या भीतीविषयी. कॉम्प्रेशन म्हणजे धोका असे सरसकट म्हणता येत नाही. पद्धत कोणती आहे आणि ती कोणाच्या मालकीची आहे, यावर ते अवलंबून आहे. एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशनच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते आणि त्यापायी नव्वदीच्या दशकात ती वापरणाऱ्या जिफ चित्रांवरून मोठा गदारोळ झाला. अमेरिकेतील ते पेटंट २००३ मध्ये संपले. तरीही दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये आलेल्या पीडीएफ-ए या मानकाने एलझेडडब्ल्यूला मज्जाव केला, आणि डिफ्लेटवर आधारलेल्या फ्लेट पद्धतीला मात्र मुभा दिली. डिफ्लेटचे वर्णन १९९६ पासून आरएफसी १९५१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात सर्वांसाठी खुले आहे, आणि ती उलगडणारा प्रोग्राम एखादा चांगला विद्यार्थीही लिहू शकतो. ज्यांच्या हाती आज जुन्या खाजगी फाँटमधले मराठी दस्तऐवज आहेत, त्यांना विचारून पाहा. त्या फायली कॉम्प्रेस केलेल्या नाहीत, नोटपॅडमध्ये बिनदिक्कत उघडतात, आणि आत रोमन अक्षरांचा बुजबुजाट दिसतो. उघडता येणे आणि वाचता येणे यांत एवढे अंतर असते.

दुसरी गोष्ट जुन्या डॉक स्वरूपाची. वर्ड ९७ च्या काळात 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती. तीत संपूर्ण फाईल नव्याने न लिहिता केलेले बदल शेवटी जोडले जात, आणि त्यामुळे खोडलेला मजकूरही फाईलच्या पोटात तसाच राहत असे. आज प्रत्येक सेव्हच्या वेळी झिप नव्याने बांधली जाते, हा त्या दृष्टीने उपकारच आहे.

बारा_टिंब
जतनाचाच विषय निघाला आहे, तर फाईल बिघडण्याविषयी कोणी कसे लिहिले नाही? साध्या मजकुरात एक बाइट खराब झाला तर एक अक्षर बिघडते. डिफ्लेट केलेल्या प्रवाहात तोच बाइट बिघडला तर तेथून पुढचा मजकूर हाती लागेलच याची खात्री नसते. शिवाय झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. पेनड्राइव्ह घाईने ओढून काढल्यामुळे शेपूट कापले गेले, की आतले सगळे शाबूत असूनही सॉफ्टवेअर 'फाईल खराब आहे' म्हणते.

दशमान
बारा_टिंब, हे खरे आहे, पण अर्धेच. झिपमध्ये प्रत्येक अंतर्गत फाईलसोबत सीआरसी-३२ ही पडताळणीची संख्या साठवलेली असते, त्यामुळे बिघाड झाला तर तो कळतो. साध्या मजकुरात 'दिला'चे 'दिली' झाले तर कोणालाही पत्ता लागत नाही, आणि ती चूक पुढच्या दहा बॅकअपमध्ये निमूटपणे उतरते. खरेदीखतात एक आकडा न कळत बदलण्यापेक्षा ते खत उघडण्यास नकार मिळणे मला परवडते. शिवाय शेपूट कापलेली झिप दुरुस्त करणारी साधने उपलब्ध आहेत, आणि लिबरऑफिस तर अशी फाईल उघडताना स्वतःच दुरुस्तीविषयी विचारते.

बारा_टिंब
पडताळणीसाठी कॉम्प्रेशनची गरज नाही. सीआरसी कॉम्प्रेस न केलेल्या फाईललाही लावता येते. या दोन स्वतंत्र गोष्टींची गल्लत होत आहे.

सह्यकडा
बारा_टिंब यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, आणि त्यावरूनच मूळ प्रश्नाकडे परत जाता येईल. झिप हे मुळात अनेक फायली एकत्र बांधणारे वेष्टन आहे. आतील प्रत्येक फाईल डिफ्लेट करून ठेवायची की आहे तशी, हे त्यात स्वतंत्रपणे ठरवता येते. ओडीटीमधील 'माइमटाइप' नावाची चिमुकली फाईल नेहमी सर्वप्रथम आणि कॉम्प्रेस न करताच ठेवायची असते, जेणेकरून फाईलचा प्रकार तिच्या सुरुवातीच्या बाइटांवरूनच ओळखता यावा. डॉकएक्स उलगडून शून्य पातळीवर, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पुन्हा बांधली तरी वर्ड ती विनातक्रार उघडते. तिला सीआरसीही असते, आणि गिटलाही तिच्या दोन आवृत्त्यांमधील साम्य सापडते. गिटमध्ये शिरताना ही पुनर्बांधणी आपोआप करणारे फिल्टर मिळतात. उंबरठा यांनी ते पाहावेत.

ज्यांना सलग मजकूरच हवा आहे, त्यांच्यासाठी लिबरऑफिसमध्ये एफओडीटी हे सपाट स्वरूप आहे. त्यात सगळा दस्तऐवज एकाच एक्सएमएल फाईलमध्ये येतो. चित्रे मात्र बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलून साठवली जातात आणि एक तृतीयांशाने फुगतात, त्यामुळे सचित्र पुस्तकासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

उंबरठा
फिल्टरची कल्पना उत्तम आहे. शब्दकोशात चित्रे अगदी मोजकी असल्याने आम्ही आधी एफओडीटीच वापरून पाहू.

पानगळ
सर्वांचे आभार. रानपाखरू यांच्या मुद्द्यानंतर माझा प्रश्न मला थोडा वेगळ्या प्रकारे मांडावासा वाटतो. ज्या स्वरूपात पसारा मोठा आहे आणि वापरकर्ता सर्वसामान्य आहे, तेथे माहिती न गमावणारे कॉम्प्रेशन डीफॉल्ट असायला माझी हरकत नाही. पण ज्या सॉफ्टवेअरचे वापरकर्ते मुळातच मजकुराच्या फायली हाताळणारे आहेत, तेथे ते बंदच असावे, आणि चालू केल्यास फाईलच्या नावावरून ते कळावे. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या चित्राला एसव्हीजी आणि कॉम्प्रेस केलेल्याला एसव्हीजीझेड अशी वेगळी एक्स्टेन्शन आहेत. लिक्समध्ये तसे नाही, आणि मला सलते ते हेच.

दशमान
नावात भेद केला की 'ही फाईल माझ्याकडे उघडत नाही' असे दूरध्वनी सुरू होतात, पानगळ. एक्स्टेन्शन तेच ठेवणे आणि उघडताना सॉफ्टवेअरने दोन्ही प्रकार स्वतः ओळखणे, ही लिक्सची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. येथे आपले एकमत होणार नाही असे दिसते.

रानपाखरू
निळीशाई, खूण करून पाहिली. पुस्तिकेची फाईल आता ईमेलने जात नाही, त्यामुळे आपण सांगितल्याप्रमाणे मूळ छायाचित्रे छापखान्याला पेनड्राइव्हवर देईन आणि ईमेलसाठी हलकी प्रत वेगळी ठेवीन.

निळीशाई
तसेच करावे. मात्र हलकी प्रत 'सेव्ह अॅज' करून नव्या नावाने काढावी, मूळ फाईलवर सेव्ह करू नये.

टंकलेखक
धागा उशिरा वाचला, म्हणून केवळ एक व्यावहारिक भर घालतो. कोणाकडून लिक्सची फाईल आली आणि ती साध्या संपादकात उघडल्यावर निरर्थक चिन्हे दिसली, तर ती बिघडलेली आहे असे समजून टाकून देऊ नये. प्रत करून तिच्या नावापुढे जीझेड जोडावे आणि जीझिपने उलगडावी. मजकूर नीट दिसतो. लिक्स हाताशी असेल तर त्यातच उघडून कॉम्प्रेशनची खूण काढावी आणि पुन्हा सेव्ह करावी.